सहमच्या खोरातला जिताडा

ओमानमधल्या सहमच्या मासळीबाजारात एका शुक्रवारी सकाळी मला जिताडा दिसला. ओट्यावर सुरमई होती, शेरी होती, कडेला तारल्यांचा ढीग होता, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये हा एकटाच पडला होता. आधी तोंड आत दबलेलं, मग एकदम उचललेली पाठ, पुढे आलेला खालचा जबडा आणि पंख्यासारखी गोल शेपटी. डोळ्यात अजून तांबूस चमक होती. रायगडातल्या खाडीकाठी जन्मलेल्या माणसाला हा मासा ओळखायला दुसऱ्यांदा बघावं लागत नाही.

विकणाऱ्याला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. हामूर नावाच्या इथल्या माशाचा कुणी भाऊबंद असेल, असं तो म्हणाला. कुठून आला विचारलं, तर खोरातला म्हातारा अधूनमधून एखादा आणतो, एवढंच त्याला माहीत होतं. मी मासा घेतला, गाडीत ठेवला आणि गाडी चालू न करता तसाच बसून राहिलो. हा मासा ओमानच्या या किनाऱ्यावर कधी कुणी धरलेला मी ऐकला नव्हता. तो आला असेल तर आमच्याकडूनच आला असणार.

मी तेव्हा सहमजवळच्या एका मत्स्यशेतीत पंप सांभाळत होतो. समुद्राचं पाणी ओढायचं, गाळायचं, तळ्यांमध्ये फिरवायचं आणि परत सोडायचं, हे माझं काम. आमच्या अर्बाबने, म्हणजे मालकाने, बरीच वर्षं आधी बाहेरून पिल्लं आणून जिताड्याची शेती सुरू केली होती. बहुतेक मासे ताटलीएवढे झाले की विकले जात. पण एका मोठ्या टाकीत अंड्यांसाठी राखलेल्या जुन्या माद्या होत्या, एकेक माणसाच्या मांडीएवढी. जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी मादी होतो, हे मला गावात कुणी सांगितलं नव्हतं. ते इथे आल्यावर कळलं. त्या टाकीचा पंप कधी बंद पडू द्यायचा नाही, ही माझी मोठी जबाबदारी. सुट्टीच्या दिवशी माझी मुलगी सोबत यायची आणि त्यांना तारल्या भरवायची. एका मादीचा डोळा पांढरा पडलेला होता. ती नेहमी आंधळी बाजू भिंतीकडे ठेवून पोहायची, त्यामुळे मुलगी टाकीच्या आतल्या बाजूला वाकून तिला खाणं द्यायची.

मग ते चक्रीवादळ आलं. आदल्या दिवशी आम्हाला सगळ्यांना तिथून हलवलं होतं, म्हणून माणसांना काही झालं नाही. पण डोंगराकडून वादीला, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीला, पूर आला आणि समोरून समुद्र चढला. या दोघांच्या मध्ये आमची तळी होती. परत गेलो तेव्हा बांध कुठे होते ते दाखवायला फक्त पाइपांची तोंडं उभी होती. मोठी टाकी एका बाजूने फुटली होती आणि तिच्या तळाशी लाल माती बसली होती. अर्बाब गाडीतून उतरला, थोडा वेळ बघत उभा राहिला, आणि "खलास" म्हणून परत गाडीत जाऊन बसला. मासे समुद्रात गेले असं आम्ही सगळे धरून चाललो. त्यांचा पुन्हा विषय निघाला नाही. पुढचे महिने पंप उघडून त्यातला गाळ काढण्यात गेले.

म्हणजे सगळे समुद्रात गेले नव्हते.

घरी बायकोने मासा साफ करायला घेतला आणि मला हाक मारली. त्याचं पोट फाडल्यावर आतून बोय माशाची बोटाएवढी पिल्लं निघाली होती, काही अगदी ताजी, खवलेही न झडलेली. तिने ती ताटात वेगळी काढून ठेवली होती. ती म्हणाली, "याने तर एका वेळेला अख्खं घर जेवेल एवढं खाल्लंय." त्या रात्री आम्ही जिताड्याचं कालवण जेवलो. मला गावची चव आली, पण ते ताट डोळ्यांपुढून जाईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोरावर गेलो. खोर म्हणजे समुद्राचा जमिनीत शिरलेला फाटा, आपली लहानशी खाडीच. दोन्ही काठांना तिवरं, वरच्या टोकाला खजुराच्या बागा. वादळानंतर हिवाळाभर समुद्राने तोंडावर वाळू आणून टाकली, तिचा मोठा बांध झाला होता आणि खोर बंद झालं होतं. पाणी आत अडकलं होतं, आणि पाण्यात जे होतं तेही.

तिथला म्हातारा तिवरांच्या सावलीत जाळं विणत बसला होता. तांडेलकी केलेला माणूस. त्याला सगळे नोखदा, म्हणजे गलबताचा कप्तान, म्हणत. आमच्याकडचा नाखवा हा शब्द त्याचाच भाऊ असावा, म्हणून मी त्याला नाखवा म्हणायला लागलो, आणि त्याला ते चाललं. तो मला मुहंदिस म्हणे, म्हणजे इंजिनियर, जो मी नव्हतो. तेही मला चाललं. तरुणपणी बलुची आणि हिंदुस्थानी खलाशांबरोबर राहिल्यामुळे त्याला हिंदी येत होतं, आणि माझं अरबी जेवढं तुटकं तेवढंच त्याचं हिंदी, त्यामुळे आमचं बरं जमलं.

या माशाने त्याला गोंधळात टाकलं होतं. थंडीत ते सगळे वरच्या टोकाला गेले होते, असं त्याने सांगितलं. तिथे बागांचं पाणी झिरपून खोरात उतरतं. विहिरीचं असल्यामुळे ते थंडीतही कोमट असतं. मासे तिथे एकमेकांना चिकटून पडून असत, जाळ्याला हलत नसत. आता ऊन वाढलं तसे ते पसरले होते, आणि त्याची बोय, जिला तो बियाह म्हणे, खोरातून नाहीशी होत चालली होती. बोयची पिल्लं हिवाळ्यात समुद्रातून आत येतात, तिवरांत वाढतात, आणि त्यांच्यावर त्याचं घर चालतं. तो तक्रारीच्या सुरात बोलत नव्हता. एवढंच म्हणाला की हा पाहुणा फार जेवतो.

मी माझ्या वडिलांना फोन केला. ते गावी असतात, ऐंशीच्या पुढे आहेत. आमची भातशेती खाजणातली, समुद्राचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या आतली. बांधाला उघाडी असते, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायची झडप. पावसाळ्यात नदी तांबडी होऊन उतरायला लागली की मोठे जिताडे तिच्याबरोबर खाली खाडीच्या मुखाशी जातात आणि खाऱ्या पाण्यात अंडी टाकतात. मग भरतीबरोबर पिल्लं वर येतात, उघाडीतून शेतात शिरतात, नदीने गोड्या पाण्यापर्यंत जातात. ती धरून आम्ही तळ्यात सोडत असू. तळ्यातला जिताडा मोठा झाला की पावसाच्या दिवसांत बांधाकडेच्या कोपऱ्यात डोकं घालून उभा राही. तो खाडीची वाट बघतोय, असं वडील सांगायचे.

त्यांना मी विचारलं की इथे तर पाऊस नाही, नदीला पाणी येत नाही, मग यांना खाली जायची वेळ कशी कळेल. कळणारच नाही बहुतेक, असं माझं मत होतं.

वडील म्हणाले, "मी फक्त आपल्या नदीतला जिताडा बघितलाय रे. तिथला तू बघ आणि मला सांग."

म्हणून मी बघत राहिलो. कामावरून सुटलो की खोरावर जायचो, आणि बहुतेक वेळा मुलगी सोबत यायची. ती बारावीत जाणार होती. शाळेत तिचं सगळं इंग्रजीत, मराठी बोलताना ती मध्येच थांबून शब्द शोधायची, आणि न सापडला की हाताने दाखवायची. तिला मासे जिवंत आहेत कळल्यापासून ती हरखली होती. पांढऱ्या डोळ्याची मादी त्यात आहे का, हे तिला बघायचं होतं.

मे संपायच्या सुमाराला मासे खाली सरकले. त्या दिवसांत ढगाचा पत्ता नव्हता. वादीचे दगड हात लावता येणार नाही इतके तापलेले. तरी रोज थोडे थोडे करून ते वरच्या टोकाकडून तोंडाकडे आले, आणि अमावास्येच्या उधाणाला पहिल्यांदा आम्ही त्यांना वाळूच्या बांधाजवळ बघितलं. बांधापलीकडे भरतीच्या लाटा फुटत होत्या. वाळूतून पाझरून खारं, गार पाणी आत येत होतं, आणि जिथे ते येत होतं तिथे मासे वाळूकडे तोंड करून उभे होते, गढूळ पाण्यात लांब सावल्यांसारखे. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत समुद्र मागे गेला की ते विस्कटत. पौर्णिमेला परत तिथेच.

मी ते बराच वेळ बघितलं. लहानपणापासून मी समजत आलो होतो की जिताड्याला पाऊस हलवतो. इथे पावसाचा थेंब नव्हता आणि ते हलले होते. म्हणजे पाऊस आमच्या गावची खूण होती. निघायचं ते त्यांच्या अंगातच होतं, आणि ऊन काय, उधाण काय, जी खूण मिळेल तिच्यावर ते निघणार होते. वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते नुसते "असं होय" म्हणाले. पण त्यांना ते आवडलं असावं, कारण पुढच्या फोनवर त्यांनी स्वतःहून विचारलं की अजून तिथेच आहेत का.

तोपर्यंत बातमी वर पोचली होती. मस्कतहून मासेमारी खात्याचा एक तरुण अधिकारी आला. अर्बाबने त्याला, नाखव्याला आणि मला आपल्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बोलावलं. काहवा झाला, खजूर झाले. अधिकारी शांत माणूस होता. त्याने खोर बघितलं होतं. तो म्हणाला की पुढच्या मोठ्या उधाणाला बांध फुटेल किंवा वरून पाणी जाईल, त्याआधी हे मासे काढले पाहिजेत. अर्बाबने विचारलं की समुद्रात गेले तर काय बिघडलं, समुद्र मोठा आहे. अधिकारी म्हणाला, "हा मासा आमच्या पाण्यात राहिला तर काय होईल मला माहीत नाही. म्हणूनच तो राहू नये असं मला वाटतं."

त्याचं बोलणं मला पटलं, आणि पटल्याचं वाईट वाटलं.

नाखव्याने आधी दोनदा जाळं ओढून बघितलं होतं. मासे तिवरांच्या मुळांत शिरून निसटले होते. आता तो माझ्याकडे वळला. "मुहंदिस, तू यांना ओळखतोस. कुठे आणि कधी सापडतील ते सांग."

मला वाटलं, सांगू नये. माहीत नाही म्हणालो असतो तर कुणी आग्रह केला नसता. इतकी वर्षं मी त्यांच्या पाण्याची काळजी केली होती, आणि आता ते जिथे एवढ्या ओढीने उभे होते तिथेच मी बोट दाखवायचं होतं. पण मला ती ताटातली बोयची पिल्लं आठवली, आणि समोर बसलेला म्हातारा दिसत होता, ज्याच्या खोरात आम्ही हे सगळं सोडून दिलं होतं. मी सांगितलं की उधाणाच्या सकाळी, भरती चढत असताना ते बांधापाशी येतात आणि तेव्हा मागे वळून बघत नाहीत. जाळं त्यांच्या मागून लावा.

घरी मुलीला सांगितलं तेव्हा ती जेवणावरून उठली नाही, पण घास खाली ठेवला. म्हणाली, "त्यांना जायचंच आहे ना बाबा? मग बांध खणू या. जाऊ दे त्यांना."

मी म्हणालो की समुद्रातून ते पुढच्या खोरात शिरतील, आणि त्याच्या पुढच्या.

"शिरतील कदाचित. तुम्हाला तरी शुअर माहीत आहे का?"

"नाही."

"मग तुम्ही त्यांना एका कदाचितसाठी मारणार."

मी हो म्हणालो. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतं बोलू लागली. तिच्या आईने मध्ये पडायचा प्रयत्न केला, मी तिला थांबवलं. मुलगी चुकीचं काही म्हणत नव्हती.

जाळं लावायच्या दिवशी पहाटे मी बूट घालत होतो, तर ती तयार होऊन दारात उभी.

नाखव्याचे मुलगे, पुतणे, आमच्याकडचे दोनचार कामगार असे सगळे जमले होते. अधिकारी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावर उभा होता. भरती चढत होती, बांधाचा माथा ओला झाला होता. सावल्या वाळूशी आल्या, तेव्हा नाखव्याने हात वर केला, आणि जाळं काठापासून काठापर्यंत त्यांच्या मागून ओढत आणलं गेलं. "यल्ला, यल्ला" एवढाच आवाज. मग पाणी उकळल्यासारखं झालं. जिताडे जाळ्यावरून उड्या मारत होते, अंगावर येऊन आदळत होते. त्यांच्या कल्ल्याचं झाकण सुरीसारखं असतं. माझा तळवा कापला, ते मला नंतर रक्त बघून कळलं.

पांढऱ्या डोळ्याची मादी शेवटच्या घेरात सापडली. मुलगी मला न विचारता पाण्यात उतरली आणि तिने तिला खालच्या जबड्याला धरून उचललं, मी टाकीवर शिकवलं होतं तसंच. मादीचं पोट गच्च भरलेलं होतं. थोडा वेळ दोघी तशाच होत्या. आता ती तिला बांधापलीकडे टाकेल असं मला वाटलं, आणि तिने तसं केलं असतं तर मी अडवलं असतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मग ती नाखव्याकडे वळली आणि हिंदीत म्हणाली, "जल्दी कीजिए. तडपने मत दीजिए."

नाखव्याने तिच्या हातातून मासा घेतला, बिस्मिल्ला म्हटलं आणि एका फटक्यात काम संपवलं. मग त्याने बाकीच्या सगळ्यांना ओरडून सांगितलं की मासे वाळूवर नुसते टाकू नका, आधी मारा. त्याच्या मुलाने काहीतरी कुरकुर केली, तरी तसंच केलं गेलं.

जाळं गुंडाळत असताना एक मोठी लाट बांधावरून आत आली. वाळूवर घोट्याएवढं पाणी पसरलं आणि परत ओढलं गेलं. त्या पातळ पाण्यात एक मासा आडवा होऊन, अर्धी पाठ उघडी टाकून, वळवळत वर चढला. जाळ्यातून निसटलेला हा एक असावा. नाखव्याचा मुलगा धावला. पण दुसरी लाट आली आणि तिच्याबरोबर मासा पलीकडे उतरला. आम्ही सगळेच बघत होतो. अधिकाऱ्याने कपाळावरचा घाम पुसला. नाखवा म्हणाला, "खलास. तो आता दर्याचा."

परतताना गाडीत मुलगी बोलली. तो एकटाच गेला तर त्याचं काय होईल, हे तिला विचारायचं होतं. मी म्हणालो की एकटा असला तर त्याची पिलावळ होणार नाही. खाईल, फिरेल, म्हातारा होईल. ती म्हणाली, "मग बरं आहे." आणि थोड्या वेळाने, "आणि तो दुसऱ्या कुणाला शोधत राहील?" मी म्हणालो, राहील बहुतेक. माझ्या हाताला बांधलेला रुमाल भिजला होता. तिने आपली ओढणी काढून त्यावर गुंडाळली.

मासे सगळ्या वस्तीत वाटले गेले. पांढऱ्या डोळ्याची मादी अर्बाबने कुणाला न देता बागेत खजुराच्या मुळाशी पुरायला सांगितली. का, ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या वाट्याला आलेल्या माशाच्या पोटातली गाबोळी बायकोने तळली. मुलीने थोडी घेतली, खाल्ली, आणि पुढचे काही दिवस मासे नकोत म्हणाली.

अर्बाबने पुन्हा जिताड्याची शेती केली नाही. तळी बुजवून तिथे त्याने चारा लावला, आणि मी बरका नावाच्या गावी एका शीतगृहात कामाला लागलो. मुलगी पुण्याला अर्थशास्त्र शिकायला गेली. तिथे तिचं मराठी सुधारलंय, आता फोनवर मलाच शब्द शोधावे लागतात.

गेल्या हिवाळ्यात नाखव्याचा फोन आला. पाऊस होऊन वादी वाहिली होती, बांध मधोमध कापला गेला होता आणि खोर समुद्राला मिळालं होतं. ये, म्हणाला. शुक्रवारी बायकोला घेऊन गेलो. त्याने तिवरांखाली चटई घातली होती. काहवा पिऊन झाल्यावर तो मला पाण्यात घेऊन गेला. नव्या तोंडातून भरती आत येत होती आणि तिच्याबरोबर बोयची पिल्लं, काडीएवढी, हजारोंनी, सगळी एकाच बाजूला तोंड केलेली. आमची सावली पडली तशी ती फुटली, आणि आमच्या पायांना वळसा घालून पुढे एकत्र झाली. पाणी चांगलंच गार होतं. बायको काठावरून म्हणाली की आता बाहेर या, पाय आखडतील. नाखव्याला मराठी येत नव्हतं, पण तो हसला, आणि आम्ही दोघंही आणखी थोडा वेळ तिथेच उभे राहिलो.